रेंडरर बदलताना खेळ बदलू देऊ नका

खेळाडूंच्या प्रतिक्रिया मोजण्याच्या प्रयोगासाठी नेटवर्कवरचा गेम विचारलात तर मी अजूनही क्वेक थ्री अरीनाच सुचवतो. खेळ १९९९चा, पण इंजिनाचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सोर्स २००५ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्यावर बेतलेलं आयओक्वेक३ हे इंजिन डीपमाइंड लॅब या एआय-संशोधनाच्या प्रणालीनेही पाया म्हणून वापरलं. मूळ नकाशे आणि टेक्स्चर मात्र खुले नाहीत. सहभागींना गेम वाटायचा असेल तर ओपनअरीना या मुक्त गेमचं साहित्य घ्या.

रेंडररला, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाला, हात लावण्याआधी जुन्या इंजिनावर दोन-चार खऱ्या सामन्यांचे डेमो रेकॉर्ड करा. डेमोत चित्रं नसतात, सर्व्हरने पाठवलेली खेळाची स्थिती असते. त्यामुळे तोच सामना नव्या रेंडररवर चालवून त्याच क्षणाचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी ठेवता येतात. रेंडरर वेगळ्या लायब्ररीत असल्याने सीएल_रेंडरर ही सेटिंग बदलली की ओपनजीएल१ या जुन्या रेंडररवरून ओपनजीएल२ या नव्यावर जाता येतं.

ओपनजीएल२ मध्ये ऑटो एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड आपोआप जुळवणं, आधीपासून चालू असतं. ते पहिल्यांदा बंद करा. खेळाडू अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळला की पडदा आपसूक उजळणार, आणि आपण त्याचा प्रतिक्रियेचा वेळ मोजत बसणार! सावल्या आणि एसएसएओ (कोपऱ्या-खाचांतला अंधार दाखवणारा परिणाम) यांनीही समोरचा गडी भिंतीपुढे कमी-जास्त उठून दिसतो. ठेवायचे तर सगळ्यांच्या मशीनवर सारखे ठेवा.

खरी गोम फ्रेमरेटमध्ये आहे. हालचालीचं गणित क्लायंटच्या, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरच्या गेमच्या, फ्रेमगणिक होतं आणि दर वेळी वेग पूर्णांकात बसवला जातो. गुरुत्वाकर्षणाने वर जाणारा वेग सेकंदाला ८०० एककांनी घटतो. सेकंदाला १२५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची, म्हणजे वेग ६.४ ने घटायला हवा. घटतो ६ ने. उडी उंच जाते. नवा रेंडरर जड निघाला आणि फ्रेम घसरल्या, की उडीही बदलली. म्हणून हालचालीचं गणित सगळ्यांसाठी ८ मिलिसेकंदांच्या ठरावीक टप्प्यांत व्हावं यासाठी सर्व्हरवर पीमूव्ह_फिक्स्ड १ आणि पीमूव्ह_एमसेक ८ करा, मगच जुन्या-नव्याची तुलना. जुना डेटा या सेटिंगशिवाय गोळा केलेला असेल तर तो नव्यात मिसळू नका, कितीही मोह झाला तरी.

टाइमडेमोच्या, म्हणजे डेमो पूर्ण वेगाने पळवून काढलेल्या फ्रेमरेटच्या, सरासरीवर मी विसंबत नाही. दर फ्रेमचा वेळ फाइलमध्ये उतरवा आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर १६.७ मिलिसेकंदांपुढे गेलेल्या फ्रेम शोधा; अडखळ तिथे असते. गेम ग्राफिक्स कार्डाला देतो ते जुन्या ओपनजीएलचे कॉल (आदेश) पाहायला एपीआयट्रेस हे साधन घ्या, रेंडरडॉक या दुसऱ्या साधनाला ते जमत नाही.

बिल्डचा गिट कमिट (सोर्सची नेमकी आवृत्ती), ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती आणि सगळे सीव्हार (गेमच्या सेटिंग) प्रत्येक सामन्याच्या लॉगमध्ये प्रोग्रामकडूनच लिहून घ्या.