पीटच्या दलदलीतील बुरशींचा डीएनएवरून शोध कसा घ्यावा

उत्तर स्कॉटलंडमधील केथनेस आणि सदरलँड या भागांत सुमारे ४,००० चौरस किलोमीटरवर पसरलेला पीटच्या (पाणथळ जागी साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीचा प्रदेश ‘फ्लो कंट्री’ म्हणून ओळखला जातो. त्यातील काही भागाला २०२४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. १९८० च्या दशकात येथे चर खणून, पाणी काढून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडांची मोठी लागवड झाली होती. आता ती झाडे तोडून आणि चर बुजवून दलदल पूर्ववत केली जात आहे. झाडे गेल्यावर दलदलीतील मूळ बुरशी परततात का, हा प्रश्न येथे अभ्यासकाला आयताच मिळतो. थंड, आम्लधर्मी आणि प्राणवायूविना असलेल्या या पीटमध्ये डीएनए दीर्घकाळ टिकू शकतो, त्यामुळे तो मिळवणे तितकेसे अवघड नाही. तो कोणाचा आणि केव्हाचा, हे ठरवण्यातच खरी कसोटी आहे.

अखंड दलदल, उभी लागवड आणि पूर्ववत केलेली जागा अशा तिन्ही प्रकारच्या अनेक स्वतंत्र जागा निवडाव्यात, कारण एकाच उंचवट्यावरचे पाच नमुने म्हणजे पाच नव्हे, एकच जागा. स्फॅग्नम शेवाळाचे उंचवटे आणि त्यांच्यामधले पाणथळ खोलगे वेगळे नोंदवावेत. प्रत्येक ठिकाणी भूजलाची पातळी, सामू आणि भोवतालच्या वनस्पती टिपाव्यात. (कासच्या पठारावरील दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे भाऊबंद येथे भेटतात, पण कासला जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, पीट नाही.) जमीनमालकाची आणि निसर्गसंरक्षण यंत्रणेची परवानगी आधीच घ्यावी.

वरचे पीट स्पंजासारखे असते. नळी दाबून घातली तर ते चेपते आणि खोलीचा हिशेबच बिघडतो, म्हणून वरच्या ३० सेंटिमीटरसाठी पाव कापायची लांब दातेरी सुरी सर्वांत कामाची ठरते. त्याखाली अर्धगोल कप्प्याचा रशियन कोअरर (खोलवरचा नमुना काढण्याचे हत्यार) वापरावा. प्रत्येक नमुन्याआधी हत्यार ब्लीचने पुसून स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि कापलेल्या ठोकळ्याची बाहेरची कड टाकून आतलाच भाग घ्यावा. खोली पृष्ठभागापासून मोजायची की भूजलापासून, हे आधीच ठरवून तेच शेवटपर्यंत पाळावे. नमुने बर्फाच्या पेटीत न्यावेत आणि त्याच दिवशी गोठवावेत. नुसत्या फ्रिजमध्ये राहिले तर मॉर्टिएरेलासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी फोफावतात आणि चित्र विपर्यस्त होते.

ओल्या पीटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. त्यामुळे डीएनए काढण्याच्या किटमध्ये सांगितलेला पाव ग्रॅम ओला नमुना घेतल्यास हाती जेमतेम २५ मिलिग्रॅम कोरडा ऐवज लागतो. म्हणून नमुना गोठवून वाळवावा, दळून एकजीव करावा आणि मगच वजन करावे. वेगळा केलेला द्रव कोऱ्या चहासारखा दिसला तर त्यात वनस्पती कुजून तयार झालेली ह्युमिक आम्ले उरली आहेत असे समजावे. ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, रोखतात. ती अतिनील प्रकाशही शोषतात, त्यामुळे प्रकाशशोषणावरून काढलेला डीएनएचा आकडा फुगतो. मोजमाप डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगद्रव्यानेच करावे. पीसीआरमधला अडथळा दूर करायला डीएनएचा द्रव दहापट विरळ करणे आणि बीएसए प्रथिन घालणे, हे दोन उपाय बहुधा पुरतात.

बुरशींची ओळखखूण म्हणून २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या आयटीएस या डीएनएच्या भागापैकी आयटीएस-२ हा तुकडा जीआयटीएस-७ आणि आयटीएस-४ या प्राइमरांनी (प्रत कोठून सुरू व्हायची हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) वाढवता येतो. मात्र त्यांत वनस्पतींचा डीएनएही थोडा वाढतो, तो नंतर गाळावा. पीसीआरची चक्रे शक्य तितकी कमी ठेवावीत. दलदलीत नमुने घेतानाचा, डीएनए काढतानाचा आणि पीसीआरचा असे तिन्ही कोरे (पीट न घातलेले) नमुने जेलवर डीएनएची पट्टी दिसली नाही तरी सिक्वेन्सिंगला (डीएनएचा अक्षरक्रम वाचण्यासाठी) पाठवावेत. या खर्चात काटकसर करू नये.

सिक्वेन्स आल्यावर प्राइमर कापून टाकावेत, पण सर्व सिक्वेन्स एकाच लांबीला छाटू नयेत. आयटीएसची लांबी प्रजातीगणिक बदलते आणि छाटणीत काही प्रजाती सरळ नाहीशा होतात. पुढे वाचनातील चुका गाळणाऱ्या डाडा-२ सारख्या संगणकीय प्रणालीतून नेऊन ते युनाइट या बुरशींच्या सिक्वेन्सच्या संग्रहाशी ताडावेत. बरेच सिक्वेन्स हेलोशियेलीस या बुरशींच्या गणापाशीच अडतील. तेथे ओढूनताणून प्रजातीचे नाव देऊ नये. युनाइटने त्या गटाला दिलेला संकेतांक तसाच ठेवावा. हेदर या झुडपाच्या मुळांशी सहजीवन करणारी हायलोसायफा हेपॅटिसिकोला ही बुरशी लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या वनस्पतींमध्येही राहते, त्यामुळे नावावरून तिचे कार्य ठरवतानाही सबुरी हवी. सिक्वेन्सची संख्या म्हणजे बुरशीचे प्रमाण नव्हे, कारण आयटीएस भागाच्या प्रती प्रत्येक बुरशीत कमीजास्त असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झाडे तोडलेल्या जागेत सिटका स्प्रूसच्या मुळांवर वाढणारी टायलोस्पोरा फिब्रिलोसा ही बुरशी सापडली, तर ती जिवंत आहे की कुजत्या मुळांतील तिचा डीएनए उरला आहे, हे सिक्वेन्सवरून केलेली बुरशींची यादी सांगणार नाही. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते; अर्ध्या मीटरखालचा नमुना म्हणजे निदान पाचशे वर्षांपूर्वीचा थर. अशा वेळी त्याच ठोकळ्यातील तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आरएनएही (जिवंत पेशीत जनुके काम करताना बनणारा रेणू) काढावा. आरएनए लवकर विघटित होतो, त्यामुळे जी बुरशी दोन्हींत दिसेल ती सक्रिय असण्याची शक्यता अधिक, आणि जी केवळ डीएनएत दिसेल तिच्यापुढे यादीत खूण करून ‘अवशेष असू शकतो’ असे स्पष्ट लिहावे.