संत्र्याच्या पानावरची रंध्रं घरी कशी मोजावीत

नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला तरी अंगणातलं संत्र्याचं झाड हिरवंगार असतं. त्याचा पाण्याचा हिशेब पानाच्या पाठीवरच्या पर्णरंध्रांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक छिद्रांत चालतो. छिद्राच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशी फुगल्या की रंध्र उघडतं. कार्बन डायऑक्साइड आत येतो, वाफ बाहेर जाते. हवेत हा वायू वाढला की रंध्रं आकसतात, आणि बऱ्याच जातींत नव्या पानांवर ती कमीच उगवतात. पाणी वाचतं, पण घाम कमी आला की पान तापतं. आपल्या उन्हाळ्यात ही गोष्ट लहान नाही.

सकाळी पूर्ण वाढलेलं पान तोडा. धूळ ओल्या कापडाने पुसा, पान कोरडं होऊ द्या. पाठीवर, शिरा टाळून, रंगहीन नेलपॉलिशचा नखाएवढा पातळ थर द्या. जाड थर सुरकुततो. पंधरा मिनिटांनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबा, अलगद ओढा आणि काचपट्टीवर चिकटवा. सागाचं पान घेऊ नका, त्याच्या लवेमुळे ठसा नीट उठत नाही.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून बघा. जोडीने असलेल्या घेवड्याच्या बियांसारखी रंध्रं दिसतील. दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.४५ मिमी असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिमी. त्यात ३० रंध्रं म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण १९०. दहा जागी मोजून सरासरी काढा.

खरी मेख जुन्या आणि नव्या पानांच्या तुलनेत आहे. एकाच झाडाच्या उन्हातल्या पानावर सावलीतल्यापेक्षा जास्त रंध्रं असतात, तेव्हा दोन्ही पानं सारख्याच उजेडातली हवीत. जुन्या वहीत दाबलेलं पान सापडलं तर सोनंच! मात्र वाळलेलं पान आकसतं, म्हणून त्यावर आणि ताज्या पानावरही रंध्रांसोबत साध्या पेशी मोजा आणि एकूण पेशींत रंध्रं किती टक्के ते काढा. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी इंग्लंडमधली अशीच जपलेली पानं तपासली, तेव्हा २०० वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्या काळाच्या आरंभी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० च्या आसपास होता; आज तो ४२० च्या वर आहे.

एका पानावरून निष्कर्ष काढू नका. पाणी, उजेड, पानाचं वय, सगळ्यांचा परिणाम होतो. काचपट्टीवर झाड, फांदीची दिशा आणि तारीख लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच फांदीचं पान घ्या.