फोनवर वाचणाऱ्यासाठी मराठी लेख कसा लिहायचा: हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घेऊन

तुमच्या लेखावर आलेला माणूस बहुतेक वेळा लेख वाचायला आलेलाच नसतो, हे एकदा मान्य केलं की पुढचं बरंच सोपं होतं. त्याला काहीतरी करायचंय. शनिवारी गडावर जायचंय, गाडी कुठे लावायची ते बघायचंय, सोबत दहा वर्षांचा मुलगा येणारे तर त्याला झेपेल का हे कळायला हवंय. त्याने गूगलवर काहीतरी टाइप केलं, चार लिंका आल्या, त्यातली तुमची दाबली आणि आता अंगठा स्क्रीनवर ठेवून तो शोधतोय. उत्तर दिसलं तर थांबेल, नाही दिसलं तर मागे जाऊन दुसरी लिंक दाबेल, आणि त्याला काही वाईटबिईट वाटणार नाही.

म्हणून लेखात काय आधी आणि काय नंतर हे त्याच्या प्रश्नावरून ठरवायचं. तुम्हाला जे सांगावंसं वाटतंय ते लिहू नका असं नाही, फक्त ते खाली घ्या.

उदाहरणाला हरिश्चंद्रगड घेतोय, कारण त्यावर मराठीत ढिगाने लेख आहेत आणि त्यातले बरेचसे एकाच साच्यातून काढलेत. तुम्ही रेसिपी लिहा नाहीतर सरकारी योजनेची माहिती, गोष्टी याच लागतात.

आधी प्रश्न लिहून काढा

लिहायला बसण्याआधी कागदावर लोकांचे प्रश्न उतरवायचे, त्यांच्याच शब्दांत. हे मनाने ठरवायचं नाही बरं का. गूगलमध्ये 'हरिश्चंद्रगड' एवढंच टाइप करून थांबा, खाली ज्या सूचना येतात त्या बघा, रिझल्टच्या मध्ये लोक आणखी काय विचारतात तो चौकोन असतो तो उघडा, आणि ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच काय विचारलं जातं ते आठवा. कुठल्या वाटेने सोपं पडेल, पावसात जाता येतं का, राहायची सोय काय, गाडी कुठपर्यंत जाते, मुंबईहून कसं आणि पुण्याहून कसं. गडाचा इतिहास कोणीतरी विचारतो, पण तो माणूस वेगळा, तो रविवारी दुपारी चहा घेत निवांत वाचणार. त्याच्यासाठी वेगळा लेख लिहा ना. एकाच पानात दोघांना कोंबलं की दोघंही पळतात.

आता यातला एक प्रश्न मुख्य म्हणून निवडा. समजा, 'पहिल्यांदा जातोय, कुठली वाट घेऊ?' बाकीचे प्रश्न त्याच्या मागे लावायचे.

पहिल्या चार ओळी

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. नेहमीची सुरुवात कशी असते माहितीये का:

'सह्याद्रीच्या कुशीत वसलेला, इतिहासाची साक्ष देणारा आणि निसर्गसौंदर्याने नटलेला हरिश्चंद्रगड म्हणजे ट्रेकर्ससाठी जणू पर्वणीच.'

यात चुकीचं काहीच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. हरिश्चंद्रगडाच्या जागी राजगड टाका, तोरणा टाका, रतनगड टाका, वाक्य तसंच्या तसं चालतं. जे वाक्य कुठल्याही गडाला चालतं ते या गडावर जाणाऱ्याच्या काय कामाचं? आता हे बघा:

'हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी वाट पाचनईची. गावातून मंदिरापर्यंत साधारण दोन ते अडीच तास. पाचनई अकोले तालुक्यात आहे, मुंबईहून येणाऱ्यांनी कसारा, घोटी, राजूर असं यायचं. पुण्याहून माळशेजच्या बाजूचं खिरेश्वर सोयीचं पडतं, आळेफाट्यावरून खुबी फाट्याला यायचं, पण तो चढ चार-पाच तासांचा आहे आणि तोलार खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो. नळीच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये.'

यात सजावट नाही पण एवढं वाचून माणूस निर्णय घेऊ शकतो. आणि गंमत म्हणजे उत्तर मिळालं म्हणून तो निघून जात नाही, उलट याला खरंच माहितीये असं वाटून खाली वाचत राहतो. आधी उत्तर दिलं तर पुढचं कोण वाचणार, ही भीती बऱ्याच जणांना असते म्हणून ते उत्तर शेवटपर्यंत दाबून ठेवतात. रहस्यकथेत ठीक आहे हो ते.

अकोले म्हटल्यावर लगेच एक ओळ टाका, की हे विदर्भातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. आपल्याला ते वेगळं सांगायची गरज वाटत नाही, पण नवीन माणूस मॅपवर टाइप करताना हमखास गोंधळतो. अशी गोंधळाची जागा जिथे जिथे असेल तिथेच ती सोडवायची, शेवटी टिपा देऊन उपयोग नाही.

लोक कसे वाचतात

लोक वेबसाइट कशा वापरतात यावर संशोधन करणारे जेकब नीलसन यांनी १९९७ सालीच लिहून ठेवलंय की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं वरवर चाळत होते, आणि शब्दन्‌शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. तेव्हा फोनवर नेट वगैरे काही नव्हतं, मोठ्या कॉम्प्युटरसमोर नीट खुर्चीत बसलेली माणसं होती ती. नंतर २००६ मध्ये त्यांच्याच संस्थेने २३२ जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तर नजर इंग्रजी एफ अक्षरासारखी फिरताना दिसली, म्हणजे वरच्या एकदोन ओळी पूर्ण, मग डाव्या कडेने सरळ खाली. हे बऱ्याच ठिकाणी 'एफ आकारात लिहा' असा नियम म्हणून सांगतात, ते उलटं आहे. मजकूर नुसता सपाट ढिगासारखा टाकला की माणूस तसा वाचतो, असं त्याच संस्थेने पुढे स्पष्ट केलंय. नीट उपशीर्षकं असतील तर तो उड्या मारत हव्या त्या जागी पोचतो.

मराठीत यात एक जास्तीची अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे 'तोलार खिंडीतून वर आल्यावर लागणाऱ्या, पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या आणि रेलिंग लावलेल्या कातळटप्प्यावरून जाताना लहान मुलांना एकटं सोडू नये' अशा वाक्यात वाचणाऱ्याला मुद्दा कळेपर्यंत शेवटपर्यंत जावं लागतं, आणि चाळणारा तिथवर पोचतच नाही. तोडा ना ते. 'लहान मुलांना इथे एकटं सोडू नका. तोलार खिंडीच्या वरचा कातळ पावसात निसरडा होतो, रेलिंग आहे तरी.' लागणाऱ्या, होणाऱ्या, असलेल्या, वसलेल्या अशी रांग दिसली की तिथे वाक्य तोडायचं, एवढं जरी केलंत तरी लेख निम्मा सुधारतो असा माझा अनुभव आहे.

सगळीच वाक्यं तोडून टाका असं मात्र नाही. कोकणकड्यावर संध्याकाळी बसल्यावर काय वाटतं, किंवा केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं राहून त्या लिंगाभोवती फिरताना चारातला एकच खांब शाबूत राहिलाय हे कसं जाणवतं, ते लिहिताना वाक्य लांबलं तर लांबू द्या, तिथपर्यंत आलेला माणूस घाईत नसतो.

परिच्छेद फोनवर बघून ठरवा. लॅपटॉपवर चार ओळींचा दिसतो तो फोनवर अख्खी स्क्रीन भरतो. पण प्रत्येक वाक्याला एंटर मारायची जी फॅशन आलीये ना, ती मला अजिबात आवडत नाही, काय कशाला जोडलंय तेच कळत नाही.

शीर्षकं, उपशीर्षकं

'प्रवास', 'निवास', 'इतिहास' असली एकशब्दी उपशीर्षकं कोणालाच काही सांगत नाहीत. 'पाचनईत गाडी कुठे लावायची' हे सांगतं. नुसती उपशीर्षकं वाचून लेखात काय आहे ते कळलं पाहिजे, नाही कळलं तर बदला. मुख्य शीर्षकात गडाचं नाव सुरुवातीलाच आणा, कारण गूगल लांब शीर्षक मागून तोडतं. आणि 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' छापाचं काही नको, लोक आता त्याला ओळखतात.

शब्द कुठले वापरायचे

लोक टाइप करतात ते. गिर्यारोहण किंवा पदभ्रमण असं कोणी शोधत नाही, ट्रेक शोधतात. वाहनतळ नाही, पार्किंग. पण चढ, खिंड, कातळ, घळ, टाकं हे शब्द तसेच ठेवा, कारण तिथे गेल्यावर गावातला माणूस हेच बोलणार आहे. टाकं म्हणजे काय हे शहरातल्या पोराला माहीत नसेल तर वाक्यातच कळेल असं लिहायचं, 'कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी'. झालं.

नावं बदलतात तेव्हा दोन्ही नावं एकदा तरी येऊ द्या. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुनं नाव टाकून शोधणारे अजून भरपूर आहेत. 'अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)' असं एका ठिकाणी लिहिलं की पुरे. तोच शब्द वीसदा घुसवायची गरज नाही. पानाच्या मागे कीवर्डची यादी भरायची जुनी युक्ती तर सोडूनच द्या, ती आपण रँकिंगसाठी बघत नाही असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. शब्दसंख्येचंही तेच, अमुक इतके शब्द असलेच पाहिजेत असा काही नियम नाही असं गूगल स्वतः सांगतं, तरी लोक दोन हजार शब्द व्हावेत म्हणून 'ट्रेकिंगचे फायदे' जोडतात. एआयकडून मजकूर मागवला की नेमका हाच भराव मिळतो. तुम्ही स्वतः जाऊन आला असाल तर ते दिसू द्या, दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही ते तेवढंच असतं.

टेक्निकल कटकट, पटकन

लिंकचा शेवटचा तुकडा रोमन अक्षरांत ठेवा. मजकूर मराठी, शीर्षक मराठी, फक्त तो तुकडा रोमन. का, तर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे नेटवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि लिंक कॉपी केली की एकेका बाइटची टक्क्याचं चिन्ह (%) धरून तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. 'हरिश्चंद्रगड' मध्ये काना-मात्रा, हलंत धरून अशी बारा चिन्हं आहेत. एका शब्दाची १०८ अक्षरं! व्हॉट्सॲपवर ती टक्क्यांची माळ बघून लोकांना वाटतं व्हायरस आहे.

जुन्या डीटीपीच्या फाइलीतून, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधून मजकूर उचलत असाल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि कन्व्हर्ट झाल्यावर वाचा. रफार, रकार आणि 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला तो र, या जागा हमखास बिघडतात.

फोटो फोनमधून निघाला तसा पाच एमबीचा चढवू नका. राजूरच्या पुढे नेटवर्क काय असतं ते जाऊन आलेल्यांना विचारा, तुमचं पान तिथेच उघडलं जाणारे. रुंदी बाराशे-सोळाशे पिक्सेल आणि साइज दोनशे-तीनशे केबी भरपूर झाला. फोटोखाली ओळ लिहा, चाळणारा माणूस फोटोखालची ओळ वाचतोच, तर 'निसर्गरम्य दृश्य' असं लिहून ती वाया घालवू नका, 'पाचनईहून येताना शेवटचा चढ' असं लिहा. ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटो चढवताना त्याच्या वर्णनासाठी असलेल्या रकान्यातही फोटोत काय आहे ते साध्या भाषेत लिहा, दृष्टी नसलेल्या वाचकाचा फोन तेच वाचून दाखवतो. लिंकलाही तेच लागू, 'इथे क्लिक करा' पेक्षा 'पाचनईचा गूगल मॅप' बरं. आणि फोटो स्वतःचे वापरा, गूगलवरून उचललेला फोटो कोणाचा तरी असतो.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

ज्याने गड पाहिलेला नाही अशा कोणाच्या तरी हातात फोन द्या आणि एवढंच विचारा, पुण्याहून कसं जायचं सांग. तो किती स्क्रोल करतो, कुठे अडतो ते गप्प बसून बघा. मध्ये बोलायचं नाही, बोललात तर टेस्ट संपली. मग लेख मोठ्याने वाचा, जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य अवघड आहे.

लेखाच्या वरतीच तारीख घाला, प्रकाशित कधी झाला याच्यापेक्षा माहिती शेवटची कधी तपासली ती. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथली वनखात्याची फी, तंबूचे नियम, पावसाळ्यातली बंदी यात बदल होत राहतात, एसटीचं वेळापत्रक तर विचारूच नका. चार वर्षांपूर्वीच्या वेळेवर भरवसा ठेवून कोणीतरी राजूरच्या स्टँडवर रात्रभर बसायला नको.

लेख टाकल्यावर महिनाभराने गूगलचं सर्च कन्सोल हे साधन उघडून बघा, लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे कळतं. 'पाचनई मुक्काम' वरून बरेच येतायत आणि तुमच्या लेखात मुक्कामावर एकच ओळ आहे, तर नवीन लेख लिहायच्या भानगडीत न पडता याच लेखात तो भाग वाढवा. गावातल्या घरगुती जेवणा-राहण्याच्या सोयीबद्दल लिहिताना नंबर देणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा, आणि वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, त्या नंबरवर फोन करून बघा. लागला नाही तर ती ओळ काढून टाका.