स्वयंसेवी निवाऱ्यातून मांजर दत्तक घेताना

मुंबई-पुण्यात रस्त्यावरची मांजरे उचलून आणून, त्यांच्यावर उपचार करून त्यांना घर मिळवून देणाऱ्या अनेक संस्था नोकरी-व्यवसाय सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. काहींकडे स्वतःची जागाही नसते. मांजरे कोणाच्या तरी घरात, म्हणजे या मंडळींच्या भाषेत 'फॉस्टर'कडे, वाढत असतात. त्यामुळे पहिल्या निरोपाला दोन दिवस उत्तर आले नाही तर रागावू नये. तो वाचणारी व्यक्ती बहुधा दिवसभर कामावर असते आणि रात्री आजारी पिल्लांना औषध देत असते. 'मांजर हवे आहे, कधी मिळेल?' एवढेच लिहिण्याऐवजी घरात कोण कोण आहे, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, दिवसा घरी कोण असते, आधी प्राणी पाळले आहेत का आणि कोणत्या वयाचे मांजर मनात आहे, हे पहिल्याच निरोपात कळवल्यास पुढचे बोलणे लवकर मार्गी लागते.

त्यानंतर साधारणपणे अर्ज, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, घरभेट आणि शेवटी करारपत्र असा क्रम असतो. काही संस्था लसीकरण आणि निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापोटी ठरावीक रक्कम घेतात. एवढ्या चौकशीचा अनेकांना राग येतो, पण दिलेले मांजर महिन्याभरात जिन्यात सोडून दिलेले किंवा पाचव्या मजल्यावरून पडलेले ज्यांनी पाहिले आहे, ते विचारणारच. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. सोसायटीच्या बाबतीत भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना माहीत असाव्यात. त्यांनुसार केवळ बहुमताने ठराव करून सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र खरा अडथळा पुष्कळदा घरातच असतो. दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाईंना किंवा वडिलांना मांजर नको असेल, तर त्यांचे मन वळल्याशिवाय अर्ज करू नये, कारण त्या मांजराचा दिवस त्यांच्याच सोबतीने जाणार असतो.

घरभेटीत सर्वांत बारकाईने पाहिली जाते ती खिडक्यांची जाळी, आणि या एका बाबतीत बहुतेक स्वयंसेवक अजिबात तडजोड करत नाहीत. मांजर कसेही पडले तरी चार पायांवर उतरते आणि म्हणून त्याला काही होत नाही, ही समजूत खोटी आहे. उंचावरून पडलेल्या मांजरांचे जबडे, पाय मोडतात आणि छातीत रक्तस्राव होतो. कठड्यावर शांत बसणारे मांजरही कबूतर दिसताच भान हरपून झेप घेते. सरकत्या खिडकीची डासांची जाळी नखांनी फाटते किंवा चौकटीसकट निसटते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी घट्ट ताणून बसवली तर चालते, पण काही मांजरे ती चावून तोडतात, म्हणून तिची वरचेवर तपासणी करावी लागते. लोखंडी ग्रिल असेल तर तिला आतून बारीक भोकांची स्टीलची जाळी तारेने बांधून घेणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. जिथून पिल्लाचे डोके जाते तिथून बहुधा पिल्लूही जाते, हे लक्षात ठेवून ग्रिलमधले अंतर पाहावे. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आणि डक्टकडे उघडणारी झडप हमखास विसरली जाते. हे सगळे काम मांजर येण्यापूर्वी उरकावे. 'पुढच्या रविवारी माणूस येणार आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

कोणते मांजर घ्यावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने एक-दोन वर्षांचे, स्वभाव कळलेले मांजर घ्यावे. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत निवारे पिल्लांनी भरून जातात आणि येणारा प्रत्येक जण पिल्लू मागतो, पण ते मोठेपणी अंगावर येऊन झोपेल की चार हात लांब राहील, हे कोणीही सांगू शकत नाही. मोठ्या मांजराबाबत फॉस्टरला सारे ठाऊक असते: ते लहान मुलांना घाबरते का, मिक्सरच्या आवाजाने पळते का, पाहुण्यांकडे जाते का, दुसरे मांजर सहन करते का. हे प्रश्न मोकळेपणाने विचारावेत, आणि 'त्याचा त्रास काय आहे?' हेही विचारावे; प्रामाणिक स्वयंसेवक उणे बाजू लपवत नाही. पिल्लूच हवे असेल तर ते किमान आठ आठवडे आई-भावंडांबरोबर राहिलेले असावे. घर दिवसभर रिकामे असेल, तर शक्य असल्यास दोन भावंडे एकत्र घ्यावीत, म्हणजे चावण्या-बोचकारण्याचा खेळ ती आपल्या हातांऐवजी एकमेकांशी खेळतात. काळ्या मांजरांना मात्र वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. आडवे जाण्याचा धसका सुशिक्षित घरांतूनही गेलेला नाही. ज्यांच्या मनात तो नाही, त्यांना तिथे अतिशय गोड स्वभावाची मांजरे मिळतात.

मांजर ताब्यात घेताना त्याचे लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून तीन आजारांवरची एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस देतात. जंतांचे औषध शेवटचे कधी दिले याची तारीख आणि मोठ्या मांजराच्या बाबतीत एफआयव्ही (मांजराची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची तपासणी झाली आहे का, हेही नोंदवून घ्यावे. आपल्या घरात पूर्वी एखादे मांजर पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या संसर्गजन्य आजाराने, दगावले असेल तर ते लपवू नये. त्याचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो, त्यामुळे अशा घरात संस्था पूर्ण लसीकरण झालेले मोठे मांजरच देईल, आणि तेच योग्य आहे.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट आधीच ठरवावी. मांजर दूध-पोळीवर जगत नाही. त्याला लागणारे टॉरिन मांसातून मिळते आणि ते कमी पडले तर दृष्टी आणि हृदय यांवर परिणाम होतो. शिवाय मोठ्या मांजरांना गाईचे दूध बहुधा पचत नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरांसाठीचे तयार संपूर्ण अन्न द्यावे, पण ते पाकिटातून वाटीत ओतायलाही घरातल्यांचा विरोध असेल तर मांजर आणू नये.

आणण्याच्या दिवशी झाकणबंद कॅरिअर न्यावा. पिशवीतून किंवा हातात धरून रिक्षाने आणलेले मांजर वाटेतच उडी मारून हरवते. फॉस्टरकडचे एखादे न धुतलेले फडके मागून आणावे, कारण ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे आणि तिथे एका कोपऱ्यात वाळूची ट्रे, दुसऱ्या टोकाला अन्न-पाणी आणि लपायला एक खोका असावा. ट्रेमध्ये सुरुवातीला फॉस्टर वापरत होते तीच वाळू घालावी. मांजर पलंगाखाली शिरेल आणि बहुधा रात्रीच बाहेर येईल. त्याला ओढून काढू नये, शेजाऱ्यांच्या मुलांना दाखवू नये. जवळ जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचावे. पहिल्या दिवशी ते जेवले नाही तरी चालते, पण एक पूर्ण दिवस उलटूनही त्याने काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांशी बोलावे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर लवकर परिणाम होतो. घरात आधीचे मांजर असेल तर दोघांना बंद दाराआडून एकमेकांचा वास आठवडाभर घेऊ द्यावा आणि मगच समोरासमोर आणावे.

फरशी फिनाईलने पुसण्याची सवय मात्र सोडावी लागते. फिनॉलयुक्त द्रव मांजराच्या पंजांना लागतो, ते पंजे चाटते आणि तो पोटात जातो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि फुलदाणीतली लिलीची फुलेही विषारी आहेत. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देणे तर प्राणघातक ठरते.

पिल्लाचे निर्बीजीकरण झालेले नसेल तर करारात त्याची मुदत लिहिलेली असते, आणि ती पाळावीच, कारण मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. काही महिने स्वयंसेवक फोटो मागतात. त्याचा कंटाळा करू नये. बहुतेक करारांत असेही कलम असते की मांजर ठेवणे अशक्य झाल्यास ते परस्पर कोणाला न देता संस्थेलाच कळवायचे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. घरात बाळ येणार हे परत करण्याचे नेहमीचे कारण असते, पण तेवढ्यासाठी मांजर घालवण्याची गरज नसते: ट्रे रोज गर्भवतीऐवजी दुसऱ्या कोणीतरी साफ करावी, कारण गर्भाला धोकादायक ठरू शकणारा टोक्सोप्लाझ्मा हा विष्ठेतला परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात; त्याबद्दल डॉक्टरांनाही विचारावे. बदली किंवा परदेशगमन ठरले असेल, तर मात्र तिकीट काढायच्या आधीच संस्थेला सांगावे. त्यांच्याकडे रिकामी जागा क्वचितच असते, आणि नवे घर मिळेपर्यंत मांजर आपल्याकडेच ठेवावे लागते.