गर्दी टाळून स्पितीत सायकल कशी चालवावी

उंचावरच्या खिंडी सायकलने चढायच्या म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी मनाली–लेहचं नाव निघतं. तो रस्ता देखणा आहेच, पण ऐन हंगामात लष्कराचे ताफे, टँकर आणि बुलेटवाल्यांचे तांडे यांच्यात सायकलवाल्याला कडेच्या खडीवर उतरून उभं राहावं लागतं. नदीचा आवाज ऐकत, आपल्या गतीने चढायचं असेल तर हिमाचल प्रदेशातल्या स्पितीकडे वळा. किन्नौरमधून सतलजच्या काठाने वर जायचं, खाबला स्पिती नदीचा संगम लागला की सतलज सोडून तिला धरायचं, आणि थेट कुंझुम खिंडीच्या पायथ्यापर्यंत तिच्याच सोबतीने जायचं.

पण नुसतं स्पितीला गेल्याने शांतता मिळत नाही. तोच रस्ता ऑगस्टच्या दुपारी गजबजलेला असतो आणि सप्टेंबरच्या सकाळी सहाला सगळा आपला असतो. म्हणून आधी महिना ठरवा, मग दिशा, मग फाटे.

महिना

स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस फारसा पडत नाही. मात्र तिथे पोचायचा रस्ता किन्नौरमधून जातो आणि किन्नौरचे डोंगर पावसाळ्यात ढासळतात. 2021 साली 25 जुलैला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दगड कोसळून नऊ पर्यटक गेले, आणि 11 ऑगस्टला निगुलसरीजवळ दरड कोसळून 28 जणांचा जीव गेला. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर सायकल घालू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. शिवाय याच दिवसांत स्पितीतला मटार निघतो आणि तो खाली नेणारे ट्रक अरुंद रस्ता व्यापून टाकतात.

गणपतीचं विसर्जन झालं की निघा आणि दसऱ्याच्या आसपास परत या, हा आमचा हिशेब. तोवर आकाश स्वच्छ झालेलं असतं, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं आणि पर्यटकांच्या गाड्या कमी झालेल्या असतात. थंडी वाढते, ती सोसायची. ऑक्टोबर लांबवू नका, कारण एका हिमवर्षावाने कुंझुम बंद होऊ शकते.

दिशा

किन्नौरकडून चढा, मनालीकडे उतरा. मनालीहून आलात तर दोन हजार मीटरवरून निघून दोन-तीन दिवसांत 4,551 मीटरच्या कुंझुमवर पोचता, आणि शरीराला तेवढ्यात जुळवून घेता येत नाही. किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते.

शिमला ते रेकाँग पिओ (किन्नौरचं मुख्य ठिकाण) हा टप्पा मात्र सायकलने करायचा हट्ट सोडा. वाहनं, ट्रक, धूळ आणि वर जलविद्युत प्रकल्पांची वर्दळ (नाथपा झाकडीचा 1,500 मेगावॅटचा प्रकल्प याच वाटेवर आहे) यांत शांतता कुठली? चंदीगडहून किंवा शिमल्याहून हिमाचलची सरकारी बस पकडा आणि सायकल टपावर चढवा. लहानपणी एसटीच्या टपावर आंब्याच्या पेट्या बांधलेल्या पाहिल्या असतील, तसंच बांधायचं. मागच्या गिअरची बाजू वर येईल अशी सायकल आडवी ठेवा, फ्रेमला जुनी ट्यूब गुंडाळा आणि दोर स्वतः बांधा. दुसऱ्याने बांधलेल्या दोराने आमच्या एका सायकलचा गिअर हँगर (मागचा गिअर जिला अडकवलेला असतो ती छोटी पट्टी) वाकवला आणि पहिला अख्खा दिवस तो सरळ करण्यात गेला. तेव्हापासून हँगर जादाचा बरोबर असतोच.

घरची तयारी

पुण्यातल्यांना सिंहगड पुरेसा आहे. डोणज्यातून वरपर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ सामान लावून एका सकाळी दोनदा करता आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं, तर पाय तयार आहेत. सातारा-वाईकडच्यांना पसरणी घाट आहे, कोकणातल्यांना पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी. वेग मोजू नका. चढावर सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघा. स्पितीत त्याच लयीत चालवायचं असतं.

सायकलीला पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीएवढी किंवा तिच्याहून लहान हवी. टायर 40 मिलिमीटरच्या आसपासचे. अगदी बारीक टायरची रोड सायकल नेऊ नका. डांबर मधेच संपतं आणि सुरू होतात गोटे. ब्रेक पॅडचे दोन जोड न्या.

उंची: इथे घाई नको

साडेचार हजार मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त प्राणवायू मिळतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दर रात्री 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येऊन झोपलं तर चालतं, उलट फायदाच होतो.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर आहात तिथेच थांबा. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, चालताना झोक जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असली तरी गाडी मिळवून खाली उतरा. गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

हा नियम शक्य तेवढा धरून आम्ही असे मुक्काम केले. पिओहून वर कल्पा (2,960 मीटर), तिथे दोन रात्री, मधल्या दिवशी किन्नर कैलासाचा डोंगर समोर ठेवून रोघी गावापर्यंत रिकाम्या सायकलने. मग सतलजकाठी पूह. तिथून खाब आणि नाकोचा चढ.

नाको 3,625 मीटरवर आहे आणि खाबच्या पुलापासून तिथे जायला हजार मीटरहून जास्त चढावं लागतं. ‘का’ नावाच्या गावाजवळची वळणं खालून पाहिली तर भिंतीवर कुणी खडूने गिरवल्यासारखी दिसतात. सावली नाही, झाड नाही. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. प्रत्येक तिसऱ्या वळणावर थांबून दोन घोट पाणी आणि एक खजूर, असं ठरवूनच चढलो. चार तासांत जेमतेम सहा गाड्या भेटल्या. टायरखाली कचकचणारी वाळू आणि स्वतःचा श्वास, बाकी काही ऐकू येत नव्हतं. नाकोत दोन रात्री राहाच. पुढे सुमदो ओलांडून ताबो (3,280 मीटर): मातीच्या भिंतींचा हा मठ इसवी सन 996 मधला आहे. तिथून स्पितीचं मुख्य गाव काझा 47 किलोमीटर.

पिओ ते सुमदो या पट्ट्यात आपल्याला ओळखपत्र पुरतं. अमेरिका-इंग्लंडहून आलेले, परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांना इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा परवाना) काढावं लागतं. पिओतच निघतं.

खरी शांतता फाट्यांवर

ताबो–काझा हा मुख्य रस्ता आहे आणि सगळ्या टॅक्सी त्यावरून धावतात. पुढे कुठेच न जाणारा रस्ता शोधा, कारण तिथे फक्त त्या गावाचीच वाहनं येतात. काझाच्या अलीकडे अट्टरगूचा पूल ओलांडला की पिन खोरं सुरू होतं आणि रस्ता मूद गावात (3,770 मीटर) जाऊन संपतो. चढ सौम्य आहे, पुलापासून तीस-पस्तीस किलोमीटर. दिवस त्याच्यासाठीच ठेवा आणि रात्री मूदलाच राहा. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या आजींनी दारातच "जुले" म्हणत आमचे हातमोजे काढून घेतले, चुलीवरच्या पत्र्यावर वाळत घातले आणि खारट लोण्याचा चहा पुढे केला. पहिल्या घोटाला जीभ बिचकते. दुसरा पेला मी मागून घेतला, कारण दिवसभर घामातून गेलेलं मीठ त्या चहानेच परत आलं.

दुसरा फाटा काझाच्या वरचा: लांगझा, कोमिक, हिक्किम. सगळी गावं 4,400 मीटरच्या आसपास किंवा वर. काझात दोन रात्री झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका आणि झोपायला परत काझाला या. दहानंतर हिक्किमचं उंचीसाठी प्रसिद्ध असलेलं टपाल कार्यालय बघायला टॅक्सी येतात, त्यामुळे उजाडताच निघा. किब्बर–चिचम हा तिसरा. चिचमचा पूल ओलांडून पुढे लोसारच्या दिशेने जाता येतं आणि खालचा रस्ता टळतो.

वारा आणि पाणी

दुपारी खोऱ्यात वारा सुटतो आणि समोरून आला तर उतारावरही पेडल मारावं लागतं. पहाटे सुरुवात, एकच्या आत मुक्काम. नाल्यांचंही तसंच. रात्री वरचा बर्फ वितळायचा थांबतो, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं असतं आणि दुपारी तेच गुडघ्याला लागतं. पाण्यात सायकल चालवू नका. बूट काढून चपला घाला, सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला न धरता खालच्या बाजूला धरा, म्हणजे पाण्याने ती तुमच्या अंगावर ढकलली जाणार नाही.

कुंझुम

लोसारला (चार हजार मीटरच्या वर) रात्र काढा. तिथून खिंड एकोणीसेक किलोमीटरवर आहे. वर कुंझुम मातेचं मंदिर आणि रंगीत पताका. इथले चालक देवळाला गाडीसकट फेरी घालूनच पुढे जातात, तुम्हीही घाला. मग जाकीट, कानटोपी आणि जाड हातमोजे चढवा आणि मगच उतरा. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबलाय ते कळत नाही. दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आलटून पालटून वापरा आणि दर काही वळणांनी थांबून हात काखेत घाला.

बातल ते ग्रामफू या पन्नासेक किलोमीटरला रस्ता म्हणणं अवघड आहे. दगडगोटे, नाले, पुन्हा दगडगोटे. एका दिवसात संपवायचा अट्टाहास न करता छत्रूला मुक्काम करा. ग्रामफूला रोहतांगचा रस्ता मिळतो. पायांत जोर उरला असेल तर 3,978 मीटरचा रोहतांग चढून मनालीत उतरा, नसेल तर कोकसरला जीप ठरवा, सायकल जीपच्या मागच्या भागात टाका आणि अटल बोगद्यातून खाली जा.