दिवाळखोरीतून मुक्ततेचा आदेश मिळाल्यावर काय करावं

जुनी कर्जं माफ झाल्याचा आदेश हातात पडला त्या दिवशी मी आधी त्याच्या ५ प्रती काढल्या. तुम्हीही काढा. वसुलीवाल्याचा फोन आला तर वाद घालू नका, आदेशाचा क्रमांक सांगा. पोटगी, न्यायालयाचा दंड सहसा माफ होत नाही. ते आधी भरा. आणि जामीनदाराला स्वतः जाऊन भेटा. आपण सुटलो तरी तो बहुधा सुटत नाही. माझा जामीनदार असलेल्या मेहुण्याला हे बँकेच्या पत्रातून कळलं, ते मनाला अजून लागतं.

मग क्रेडिट रिपोर्टची, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींची, एकेक ओळ तपासा. माझं माफ झालेलं एक कर्ज त्यात ‘थकीत’च दिसत होतं, लेखी तक्रारीनंतर दुरुस्त झालं. पत पुन्हा उभी करायला बँकेतल्या ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर फक्त वीजबिल भरा आणि सगळी रक्कम मुदतीआधी फेडा.