सेमिनार की सिम्पोझियम? निमंत्रणावर नेमकं काय लिहायचं

परवा एका मित्राने निमंत्रणाचा मसुदा पाठवला, वर ठळक अक्षरात सिम्पोझियम आणि खाली वक्ता एकच. मी म्हटलं अरे बाकीचे कुठायत, तर म्हणे सेमिनार फार साधं वाटतं म्हणून हा टाकला. पण सिम्पोझियम म्हणजे काही सेमिनारचा भारी अवतार नाही, दोन्हीचा घाटच वेगळा.

शब्द ठरवायच्या आधी कार्यक्रमपत्रिका समोर घ्या आणि बोलणारे मोजा. विषय एक, त्यावर चार-पाच तज्ज्ञ पाळीपाळीने पेपर वाचणार किंवा थोडं थोडं बोलणार, वर एक अध्यक्ष, मग श्रोत्यांचे प्रश्न, असं असेल तर बिनधास्त सिम्पोझियम लिहा, मराठीत परिसंवाद. आणि एक जाणकार माणूस पंधरा-वीस जणांना घेऊन बसलाय, मध्येच कुणीही हात वर करून विचारतंय, मुख्य हेतू शिकणं, तर तो सेमिनार, म्हणजे चर्चासत्र. कॉलेजात पोरं आळीपाळीने प्रेझेंटेशन देतात तरी त्याला सेमिनारच म्हणतात, कारण शिकवणारा बाजूला बसून सगळं चालवत असतो.

तरी गोंधळ होत असेल तर मूळ शब्द बघा, मला तरी त्यानेच कायमचं लक्षात राहिलं. सेमिनार आलाय लॅटिन सेमिनारियमवरून, म्हणजे चक्क रोपवाटिका, तिथे रोपं वाढतात तसे इथे शिकणारे. सिम्पोझियम मात्र ग्रीक, अर्थ एकत्र बसून पिणं! जेवणं उरकली की वाइन, गाणी आणि गप्पांची बैठक. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या ग्रंथात अशाच बैठकीतले पाहुणे एकामागून एक प्रेम या एकाच विषयावर बोलतात, आजचा साचाही तोच, फक्त प्याले तेवढे गेले.

कॉन्फरन्स या दोन्हींपेक्षा मोठी, तिच्यात विषय बरेच आणि एखादं सत्र सिम्पोझियमही असू शकतं. अनेकवचन सिम्पोझिया लिहा नाहीतर सिम्पोझियम्स, दोन्ही चालतात. वेबिनार म्हणजे वेब अधिक सेमिनार, त्यामुळे ऑनलाइन परिसंवादाला खरं तर ऑनलाइन सिम्पोझियम म्हणावं, पण आता कोण ऐकतंय.

मित्राला विचारलं, प्रश्नोत्तरं आहेत का? नाहीत. खुर्च्या किती? दोनशे. म्हटलं बाबा, हे सेमिनारपण नाही, सरळ व्याख्यान लिही.